लघवीतून प्रोटीन जातंय, मग अंडी वाढवायची की कमी करायची?

मिरजेहून एका ताईंचं पत्र आलंय, सोबत रिपोर्टचे सात-आठ फोटो. थोडक्यात सांगते. त्यांचा लॅब्रडोर ब्रुनो, वय ७ वर्षं. दीड वर्षापूर्वी गोचीडताप झाला होता, तेव्हा आठवडाभर गोळ्या दिल्या आणि खायला-खेळायला लागला म्हणून बंद केल्या. गेल्या तीन महिन्यांत वजन ३२ किलोवरून २८ वर आलं, पाठीचे मणके हाताला लागायला लागले, आणि आता पंधरा दिवस मागच्या पायांना सूज आहे. तपासणीत लघवीत प्रोटीन तीन प्लस, यूपीसी रेशो (लघवीतून किती प्रोटीन जातंय त्याचं माप) ५.२, रक्तात अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) १.८, क्रिएटिनिन १.३, कोलेस्टेरॉल वाढलेलं. डॉक्टरांनी एनालाप्रिलची ५ ची गोळी दिवसातून एकदा आणि रीनल फूड, म्हणजे किडनीच्या आजारासाठी बनवलेलं तयार खाणं, सांगितलंय.

ताई लिहितात, "प्रोटीन बाहेर चाललंय तर खाण्यातलं प्रोटीन कमी कसं करायचं? सासूबाई रोज चार उकडलेली अंडी आणि पाव किलो चिकन घालतायत, म्हणतात लेकरू वाळत चाललंय आणि तुम्ही त्याला उपाशी ठेवताय. शेजारच्या काकांच्या नातवाला असाच आजार होता, तो स्टिरॉइडने बरा झाला, मग ब्रुनोला का नाही? आठवड्यातून दोनदा सलाईन लावून आणू का? आणि खरं सांगा, किडनी फेल झालीय का?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो डोक्यात असला की बाकीचं कितीही वाचलं तरी आत जात नाही. ब्रुनोची किडनी फेल झालेली नाही. किडनीची कामं दोन, रक्तातली घाण बाहेर टाकायची आणि कामाच्या गोष्टी रक्तातच ठेवायच्या. क्रिएटिनिन पहिल्या कामाबद्दल सांगतं आणि ब्रुनोचं १.३ आहे. प्राण्यांच्या किडनीच्या आजारावर काम करणारा आयरिस नावाचा जगभरच्या तज्ज्ञांचा गट १९९८ पासून आहे, त्यांच्या हिशोबात कुत्र्याचं क्रिएटिनिन १.४ च्या खाली असेल तर ती पहिली स्टेज. म्हणजे घाण टाकायचं काम अजून चालू आहे, बिघडलंय ते राखायचं काम. फक्त एक लक्षात ठेवा, क्रिएटिनिन हे स्नायूंमधून तयार होतं, आणि ब्रुनोचे स्नायूच उतरलेत, त्यामुळे हा १.३ जरा गोड बोलणारा आकडा असू शकतो. पुढच्या वेळी रक्त काढाल तेव्हा एसडीएमए ही किडनीचीच दुसरी रक्ततपासणी करता येईल का ते विचारा, त्याच्यावर स्नायूंचा तेवढा परिणाम होत नाही.

आता अंड्यांचं. सासूबाईंच्या जागी मी असते आणि मला हे शिकवलेलं नसतं तर मीही तेच केलं असतं, म्हणून त्यांच्यावर अजिबात चिडू नका. श्रीखंडाचा चक्का बांधतो ते फडकं डोळ्यासमोर आणा. चांगल्या फडक्यातून पाणी ठिबकतं आणि चक्का आत राहतो. किडनीत अशी लाखो बारीक फडकी असतात, रक्त त्यांच्यातून दाबाने गाळलं जातं, पाणी आणि घाण खाली, अल्ब्युमिन वर. ब्रुनोची फडकी विरलीयत, त्यामुळे चक्काही पाण्याबरोबर यायला लागलाय. आता आपण काय करतो, तर वरून आणखी दही ओततो. फडकं काही त्याने विणलं जात नाही. उलट जास्त प्रोटीनवालं जेवण पोटात गेलं की किडनीतल्या या गाळण्यांकडे रक्त वाढतं, आतला दाब वाढतो, आणि फडकं पिळल्यासारखं होऊन आधीपेक्षा जास्त प्रोटीन बाहेर पडतं. आणि जे प्रोटीन गाळणीतून निसटतं ते नुसतं वाया जात नाही, पुढच्या बारीक नळ्यांना ते गिळायला लागतं, त्यात त्या नळ्यांना सूज येते, व्रण पडतात, आणि हळूहळू घाण टाकायचं कामही बिघडायला लागतं. हे चक्र जेवढं लवकर ढिलं होईल तेवढं बरं.

पण याचा अर्थ प्रोटीन बंद असाही नाही. बरेच लोक घाबरून कुत्र्याला नुसत्या भात-दुधीवर आणून ठेवतात, मग स्नायू आणखी झडतात, आणि अल्ब्युमिन बनवायला लिव्हरकडे मालच उरत नाही. प्रोटीन माफक आणि चांगल्या प्रतीचं हवं. कोरड्या रीनल फूडच्या पाकिटावर बघा, साधारण १४ ते १८ टक्के प्रोटीन लिहिलेलं असतं, साध्या मोठ्या कुत्र्यांच्या खाण्यात यापेक्षा बरंच जास्त असतं. सोबत फॉस्फरस आणि मीठ कमी, फिश ऑइल जास्त, आणि कॅलरी भरपूर. कॅलरी सगळ्यात महत्त्वाच्या, कारण पोटात पुरेशी ताकद गेली नाही तर शरीर स्वतःचेच स्नायू जाळायला लागतं आणि तुम्ही कितीही मोजून प्रोटीन द्या, ते चुलीत गेल्यासारखंच. म्हणून रीनल फूड आणलं म्हणजे झालं असं नाही, तो ते पोटभर खातोय का हे बघायचं. एकदम बदलू नका, सात ते दहा दिवस जुन्यात थोडं थोडं मिसळत न्या, आणि त्याला मळमळत असताना जबरदस्तीने तर सुरू करूच नका, एकदा नावडतं झालं की मग आयुष्यभर तोंड फिरवतात.

तुम्ही लिहिलंय की पाकीट परवडत नाही, पूर्ण महिना त्यावर काढणं शक्य नाही. समजू शकते मी, २८ किलोचं लॅब्रडोर खातंही तेवढंच. अर्धं पाकिटातलं अर्धं घरचं असं करता येतं, पण घरचं म्हणजे अंदाजपंचे नको. पांढरा भात चालतो, त्यात फॉस्फरस कमी असतो. अंड्यात फॉस्फरस जवळजवळ सगळा पिवळ्यात असतो, म्हणून अंडं द्यायचं तर उकडून पांढरं द्या, पिवळं नको. लाल भोपळा, दुधी, थोडं तेल किंवा तूप कॅलरीसाठी, तेही त्याला जुलाब होत नसतील तर आणि पॅन्क्रियाजचा त्रास कधी झालेला नसेल तर. चिकन अगदी बंद नको पण पाव किलो नक्कीच नको, किती ते वजनावरून आणि पुढच्या रिपोर्टवरून डॉक्टर ठरवतील. घरच्या जेवणात कॅल्शियम आणि बाकीचे क्षार कमी पडतात, ते वेगळे द्यावे लागतात, त्याचाही हिशोब त्यांच्याकडून घ्या. पायाचं सूप, हाडांचं पाणी, कलेजी, चीज, पापड, फरसाण, बेकरीची खारी हे सगळं बंद, यात कुठे फॉस्फरस तर कुठे मीठ भरलेलं असतं. प्रोटीन पावडर तर अजिबात नको, माणसांची नाही आणि कुत्र्यांची म्हणून मिळते तीही नाही. मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या किडनीला विष आहेत, तुमच्याकडे सांगली-तासगाव जवळ, घराघरात बेदाणा असतो म्हणून मुद्दाम सांगते, एक दाणासुद्धा नको.

फिश ऑइल जरूर द्या. फक्त एक गोष्ट, दुकानात मिळणाऱ्या साध्या १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये कामाचं ईपीए आणि डीएचए मिळून साधारण ३०० मिलिग्रॅमच असतं, बाकी नुसतं तेल. ब्रुनोच्या वजनाला एक कॅप्सूल म्हणजे नावापुरतं होईल, डॉक्टरांना ईपीए-डीएचएचा आकडा सांगून किती द्यायच्या ते विचारा, आणि हळूहळू वाढवा नाहीतर जुलाब होतात. कॉड लिव्हर ऑइल वेगळं, ते नको, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व इतकं असतं की जास्त दिलं तर साठून त्रास होतो.

आता गोळीकडे येते. एनालाप्रिल ही मुळात बीपीची गोळी, मग बीपी न मोजता ती का दिली असं तुम्हाला वाटलंय, प्रश्न बरोबर आहे. गाळणीत रक्त येण्याची एक वाट असते आणि जाण्याची एक. ही गोळी जाण्याची वाट मोकळी करते, त्यामुळे गाळणीच्या आतला दाब उतरतो, फडक्याचा पीळ सुटतो म्हणा. म्हणून बीपी नॉर्मल असलं तरी ही गोळी प्रोटीन कमी करायला देतात. बेनाझेप्रिल त्याच घराण्यातली. टेल्मिसार्टन जरा वेगळ्या रस्त्याने तेच काम करते, आणि हल्ली बरेच डॉक्टर तिच्यापासूनच सुरुवात करतात.

५ ची एक गोळी २८ किलोच्या कुत्र्याला ही सावध सुरुवात आहे, चूक नाही. एनालाप्रिलचा डोस कुत्र्यात साधारण अर्धा मिलिग्रॅम दर किलोला, दिवसातून एकदा किंवा दोनदा, इथपर्यंत जातो. म्हणजे ब्रुनोच्या बाबतीत पुढे वाढवायला जागा आहे. पण ही जागा तुम्ही स्वतः भरायची नाही. पद्धत अशी असते की गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर एक ते दोन आठवड्यांत क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि बीपी बघायचं, सगळं ठीक असेल तर चार-सहा आठवड्यांनी यूपीसी परत करायचं आणि मग वाढवायचं. क्रिएटिनिन थोडं चढेल, त्याला घाबरून गोळी बंद करू नका. दाब उतरला की गाळणं जरा कमी होणारच, ब्रुनोसारख्या पहिल्या स्टेजच्या कुत्र्यात ३० टक्क्यांपर्यंतची वाढ आणि मग तिथेच थांबलेली, हे चालतं, म्हणजे १.३ चं १.६ झालं आणि कुत्रा नीट खातोय तर ठीक. त्याच्यावर जायला लागलं किंवा पोटॅशियम ६ च्या वर गेलं तर डोस खाली आणावा लागतो. तुमच्या फाईलमध्ये गोळी सुरू होऊन पाच आठवडे झालेत आणि मधलं एकही रक्त नाही, तर सगळ्यात आधी हे करा, याच आठवड्यात.

उलट्या-जुलाब सुरू झाले, दोन जेवणं चुकली, पाणी पीत नाही, अशा दिवशी गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. शरीरात पाणी कमी असताना हीच गोळी किडनीला त्रास देते.

आणि मेडिकलमध्ये पाकीट नीट बघून घ्या. टेल्मिसार्टनवर कधी बदललं तर माणसांच्या दुकानात एकाच नावाच्या पाच प्रकारच्या पट्ट्या असतात, कुणाच्या पुढे एच, कुणाच्या पुढे एएम. एच म्हणजे सोबत लघवी वाढवायचं औषध, एएम म्हणजे ॲम्लोडिपिन. "ती नाहीये, ही घ्या, सेमच आहे" असं म्हणतात, सेम नसते. साधी टेल्मिसार्टन लिहिलीय तर साधीच घ्या. ॲम्लोडिपिनचं तर असं की ती गाळणीकडे येणारी वाट मोकळी करते, एकटी दिली तर कधीकधी प्रोटीन वाढतं, म्हणून कुत्र्यात ती सहसा एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या जोडीने देतात, तीही बीपी खरंच चढलेलं असेल तर.

तेवढ्यासाठी बीपी मोजायलाच हवं. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा आमच्याकडे कुत्र्याचं बीपी मोजायचं यंत्रच नव्हतं, आणि एक बॉक्सर असाच लघवीतून प्रोटीन जाणारा, मी आठवड्याआड बघत होते, एके दिवशी मालक म्हणाले बाई हा कालपासून दारावर आपटतोय. डोळ्यांचे पडदे सुटले होते, बाहुल्या मोठ्या, उजेड टाकला तरी हलेनात. बीपीने सुटले होते. तेव्हापासून माझ्याकडे प्रोटीनचा पेशंट आला की बीपी घेतल्याशिवाय मी त्याला टेबलावरून उतरवत नाही. मोजताना घाई नको, पाच-दहा मिनिटं त्याला खोलीत शांत बसू द्या, तुम्ही जवळ थांबा, पट्टा पायाच्या घेराच्या साधारण ४० टक्के रुंद हवा, पहिलं रीडिंग सोडून द्यायचं आणि पुढची पाच-सात घेऊन सरासरी काढायची. १४० च्या खाली छान, १६० च्या वर राहत असेल तर औषध लागतं, १८० च्या वर म्हणजे थांबायचं नाही. मिरज-सांगलीत यंत्र कुणाकडे आहे ते फोनवर विचारून घ्या, नाहीच मिळालं तर शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजला किंवा मुंबईला जाणार असाल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला दाखवता येईल.

आता जे तुमच्या पत्रात कुठेच नव्हतं आणि मला सगळ्यात जास्त काळजी ज्याची वाटली ते सांगते. गाळणीतून एकटं अल्ब्युमिन जात नाही. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून शरीराचं एक प्रोटीन असतं, अँटिथ्रॉम्बिन, आकाराने अल्ब्युमिनच्याच जवळपास, तेही त्याच वाटेने निसटतं. म्हणून या आजारात गुठळ्या होतात, आणि अल्ब्युमिन २ च्या आसपास किंवा खाली आलं की भीती वाढते. ब्रुनोचं १.८ आहे. डॉक्टरांना सरळ विचारा, क्लोपिडोग्रेल, म्हणजे गुठळी होऊ नये म्हणूनची गोळी, सुरू करायची का? कुत्र्यात ती साधारण १ ते ३ मिलिग्रॅम दर किलोला दिवसातून एकदा देतात, माणसांची ७५ ची गोळी मिळते, त्यातली किती ते ते सांगतील. काही डॉक्टर कमी डोसची ॲस्पिरिन देतात. प्लेटलेट किती आहेत ते आधी बघायला लागतं, गोचीडतापात त्या कमी असू शकतात आणि मग रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा विचार वेगळा होतो. एकदम धाप लागली, जीभ निळसर झाली, किंवा मागचे पाय अचानक लुळे आणि गार पडून कुत्रा ओरडायला लागला तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असला तरी उचलायचा आणि निघायचं.

फडकं विरलं कशाने हा प्रश्न अजून बाकीच आहे, आणि माझ्या मते ब्रुनोच्या केसमध्ये खरी किल्ली इथेच असावी. गोचीडतापातला एर्लिकिया नावाचा जंतू शरीरात महिनोन्महिने दडून राहू शकतो. शरीर त्याच्याशी लढत राहतं, त्या लढाईतले गोळे रक्तातून फिरत किडनीच्या गाळणीत अडकतात आणि तिथे जाळ लावतात. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन साधारण १० मिलिग्रॅम दर किलोला रोज, पूर्ण २८ दिवस देतात, तुम्ही दिली आठवडाभर. तुम्हाला दोष देत नाहीये, कुत्रा उड्या मारायला लागला की सगळेच थांबवतात. पण आता किट टेस्ट आणि शक्य असेल तर पीसीआर, म्हणजे रक्तात खुद्द जंतूचा अंश शोधणारी तपासणी, करून घ्या. किट टेस्टमध्ये अँटिबॉडी दिसते, ती औषधानंतरही बरेच महिने पॉझिटिव्ह राहते, म्हणून एकट्या पॉझिटिव्ह रेषेवर निर्णय नको, प्लेटलेट, ग्लोब्युलिन (रक्तातलं दुसरं प्रोटीन, अँटिबॉडी त्यातच येतात) आणि पीसीआर मिळून चित्र बघायचं. त्याच किटमध्ये हार्टवर्म, म्हणजे हृदयातला जंत, कळतो, तोही किडनीला हेच करतो. बॅबेशिया या गोचिडीतूनच येणाऱ्या दुसऱ्या जंतूसाठी रक्ताची काच किंवा पीसीआर. डॉक्सी परत लागली तर जेवणाबरोबर द्या आणि वरून पाणी पाजा, कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजल्यासारखं होतं.

एवढ्यावर थांबू नका, पोटाची सोनोग्राफी करा, दात बघा, कातडीला जुनं इन्फेक्शन आहे का बघा, कुठे गाठ आहे का हात फिरवून बघा. कुठलाही जुना जाळ किडनीपर्यंत पोचतो, आणि तो विझला तर प्रोटीन आपोआप उतरलेलं मी पाहिलंय. गोचिडी परत होऊ नयेत म्हणून महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी वर्षभर चालू ठेवा, आपल्याकडे त्यांना हिवाळा-उन्हाळा नसतो, भिंतीच्या फटीत बसून असतात. पावसाळ्याआधी लेप्टोची लस द्यायची की नाही ते त्याची तब्येत बघून डॉक्टरांना ठरवू द्या.

शेजारच्या काकांचा नातू आणि स्टिरॉइड. काका खोटं बोलत नाहीयेत, लहान मुलांच्या नेफ्रोटिकमध्ये, म्हणजे लघवीतून असंच खूप प्रोटीन जाण्याच्या आजारात, बहुतेक वेळा जो प्रकार असतो तो स्टिरॉइडला छान प्रतिसाद देतो. कुत्र्यात तो प्रकार क्वचित सापडतो. कुत्र्याला स्टिरॉइड दिलं की स्टिरॉइडमुळेच लघवीतलं प्रोटीन वाढतं, गुठळीची भीती वाढते, स्नायू उतरतात, आणि आत एर्लिकिया लपलेला असेल तर त्याला मोकळं रान. काही कुत्र्यांना रोगप्रतिकार दाबणारं औषध खरंच लागतं, मायकोफेनोलेट वगैरे, पण ते किडनीचा तुकडा काढून तपासल्यावर, किंवा आजार झपाट्याने वाढतोय आणि जंतूचं कारण नाही हे पाहून, अनुभवी डॉक्टरांनी ठरवायचं असतं. खाजेसाठी वर्षातून दोन-तीनदा इंजेक्शन दिलंय असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय, ते कसलं होतं ते विचारून घ्या आणि स्टिरॉइड असेल तर किडनीच्या डॉक्टरांना नक्की सांगा. दुखण्याच्या गोळ्यांचंही तसंच, पाय सुजलाय म्हणून मेलॉक्सिकॅम किंवा घरातली माणसांची कुठलीही गोळी देऊ नका, एनालाप्रिलच्या जोडीला ती किडनीला फार महागात पडते. ही सूज दुखण्याची नाहीच, बोट दाबून बघा, खड्डा राहील, ते अल्ब्युमिन कमी झाल्यामुळे शिरांतून बाहेर आलेलं पाणी आहे.

म्हणूनच सलाईन नको. तो पाणी पितोय, उलट्या नाहीत, क्रिएटिनिन ठीक आहे, मग वरून मिठाचं पाणी भरलं तर ते पायातच उतरेल, पोटात साठेल, छातीत गेलं तर श्वास अडेल. पोट फुगलंच कधी तर श्वासाला अडचण होत असेल तरच पाणी काढायचं, दिसायला बरं वाटावं म्हणून नाही, त्या पाण्यासोबतही प्रोटीन जातं. पुनर्नवा-गोखरूचा काढा चालू आहे म्हणालात, बंद करा असा हुकूम मी सोडत नाही, पण ब्रुनोच्या डॉक्टरांना बाटली दाखवा, आणि कुठलीही भस्मं त्यात असतील तर मात्र माझं स्पष्ट नाही.

आता लघवीचं सॅम्पल, कारण इथे लोक पैसे खूप वाया घालवतात. एकदाच काढलेला ५.२ हा आकडा मी अजून पूर्ण धरत नाही. लघवीत इन्फेक्शन असेल, रक्त असेल तर रेशो फसवा येतो, म्हणून आधी साधी लघवी मायक्रोस्कोपखाली बघून स्वच्छ आहे याची खात्री हवी. आणि रोजचा रेशो रोज सारखा नसतो, आज ५ आला आणि महिन्याने ४.३ तर औषध लागू पडलं असं म्हणता येत नाही, आणि ५.८ आला तर बिघडलं असंही नाही. एवढी हलचल आपसूक होते. यावर सोपा उपाय आहे. तीन दिवस सकाळची पहिली लघवी धरा, लांब दांड्याची पळी किंवा जुना डाव घेऊन मागे उभं राहायचं, मध्यावरची धार पकडायची, मेडिकलमधल्या निर्जंतुक डबीत घालून लगेच फ्रिजमध्ये. तिसऱ्या दिवशी तिन्ही डब्यांतून सारख्या मापाने, म्हणजे सिरिंजने दोन-दोन मिली, एका डबीत मिसळा आणि ती एकच डबी लॅबला द्या. तीन दिवसांची सरासरी एका टेस्टच्या पैशात मिळते. दर वेळी लॅब तीच ठेवा. नॉर्मल कुत्र्यात हा रेशो ०.२ च्या खाली असतो, ०.५ च्या वर म्हणजे प्रोटीन जातंय. आपलं ध्येय ०.५ च्या खाली, पण ५.२ वरून तिथे पोचणं सगळ्यांना जमत नाही, निम्म्यावर आलं आणि तिथे टिकलं तरी ते यश धरतात, ब्रुनोचं २.६ झालं तर मला फार आनंद होईल. त्याच्याहून आधी मी अल्ब्युमिन बघेन, ते २ च्या वर चढलं की सूजही उतरेल आणि गुठळीची भीतीही.

तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून हेही सांगते. पायाला सूज येण्याइतकं अल्ब्युमिन उतरलेली कुत्री, सूज नसलेल्यांपेक्षा जास्त अवघड असतात. काही औषधांना ऐकत नाहीत, काहींची पुढे क्रिएटिनिनची बाजूही ढासळते. पण ब्रुनोचं क्रिएटिनिन अजून ठीक आहे, तो खातोय, आणि मागे अर्धवट राहिलेला गोचीडताप हे एक असं कारण आहे ज्यावर इलाज आहे. या तिन्ही गोष्टी त्याच्या बाजूने आहेत. मी त्याला सोडून दिलेलं नाही, तुम्हीही सोडू नका.

या आठवड्यात क्रिएटिनिन, पोटॅशियम, अल्ब्युमिन, प्लेटलेट आणि बीपी. त्याच वेळी क्लोपिडोग्रेलबद्दल विचारणं आणि एर्लिकियाची तपासणी. दर रविवारी एकाच काट्यावर वजन, पण सूज असेपर्यंत वजनावर एकट्यावर भरवसा नको, पाण्याचंही वजन भरतं, म्हणून मणक्यावर आणि मांडीवर हात फिरवून मांस वाढतंय की उतरतंय ते लिहून ठेवा. चार आठवड्यांनी तीन दिवसांच्या सॅम्पलचा रेशो. हे सगळे आकडे मला परत पाठवा, उत्तर देईन.

आणि सासूबाईंशी बोलताना "अंडी बंद" असं नका म्हणू. त्या त्याला हाताने भरवतात, तो फक्त त्यांच्याकडूनच खातो असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांची जागा काढून घेऊ नका. सकाळच्या फिरण्यानंतर त्यांनी त्याला उकडलेल्या लाल भोपळ्याच्या दोन फोडी द्याव्यात, दुपारी बिया काढलेलं सफरचंद किंवा काकडी, आणि संध्याकाळच्या भातात एका अंड्याचं पांढरं त्यांच्याच हाताने कुस्करून. गोळीची वेळही त्यांच्याकडे द्या, त्या विसरणार नाहीत.